जनावरांसाठी ट्रॉली घेताय? आधी खाली वाकून तळ बघा

माझी पहिली ट्रॉली सहा वर्षं चालली आणि वरून शेवटपर्यंत चांगलीच दिसत होती. दर दिवाळीला तिला रंग मारायचो. सातव्या पावसाळ्याच्या तोंडावर एक दुभती म्हैस चढवत होतो, तेव्हा तिचा मागचा पाय तळाच्या पत्र्यातून खाली गेला. पत्रा कागदासारखा फाटला आणि त्याच्या धारेनं खुराच्या वरची कातडी सोलून निघाली. डॉक्टरांनी टाके घातले, जनावर वाचलं, पण ते वेत दुधाचं राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीखाली झोपून बघितलं, तर आडव्या अँगलच्या (एल आकाराच्या लोखंडी पट्टीच्या) खोबणीत बोटभर ओलं शेण साचलेलं होतं आणि त्याला लागून असलेला पत्रा नखानं निघत होता.

तेव्हापासून कोणी विचारलं, "टिकाऊ ट्रॉली कोणती?" की मी पत्र्याच्या जाडीपासून सुरुवात करत नाही. तळावरचं पाणी आणि मूत कुठून खाली जाणार, एवढं आधी विचारतो.

ठाणे जिल्ह्यात पडघ्याला आमचा अकरा म्हशींचा गोठा आहे. गेल्या उन्हाळ्यात शहापूर आणि टिटवाळ्याकडच्या दोघांनी ट्रॉली घ्यायची म्हणून सल्ला विचारला. दोघांच्या गरजा वेगळ्या होत्या, त्यामुळे उत्तरंही वेगळी निघाली. तेच इथे सविस्तर लिहितो.

पिकअप की ट्रॅक्टरमागची ट्रॉली

तुमचं येणंजाणं लांबचं असेल, म्हणजे आळेफाट्याहून गाई आणायच्या, घोटीच्या बाजारातून डांगी बैल आणायचे, किंवा आजारी जनावर परळच्या दवाखान्यात न्यायचं, तर पिकअपला पर्याय नाही. माळशेज किंवा कसारा घाटातून जिवंत ओझं घेऊन ट्रॅक्टर उतरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पोतं जागेवर पडून राहतं, म्हैस वळणावर अंग टाकते आणि ट्रॉली मागून ट्रॅक्टरला ढकलते.

पण पिकअपच्या हौद्यात मावतं किती, हे मोजून बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये 1 जानेवारी 2016 पासून जनावरांच्या गाडीत कायमचे कप्पे असावे लागतात आणि गाय-म्हशीला प्रत्येकी किमान 2 चौरस मीटर जागा लागते. 2 चौरस मीटर म्हणजे साधारण साडेएकवीस चौरस फूट. हौदा 9 फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद धरला, तर साडेएकोणपन्नास चौरस फूट होतात. म्हणजे दोन म्हशी, तिसरी नाही. रस्त्यावर पिकअपमध्ये चार-चार जनावरं कोंबलेली दिसतात म्हणून ते चालतं असं समजू नका. मुऱ्हा म्हैस साडेचारशे ते साडेसहाशे किलोची असते. एक घसरून खाली बसली की बाकीच्या तिच्यावर पाय देतात.

शेळ्या-मेंढ्यांना प्रत्येकी 0.3 चौरस मीटर लागतं. नुसता शेळ्यांचा धंदा असेल तर पिकअप पुरते आणि पुढचं बरंचसं तुम्ही वाचलं नाही तरी चालेल.

टिटवाळ्याच्या तबेलेवाल्याला मी पिकअपच सांगितली. त्याची खरेदी घाटावरची आणि जनावरं दर खेपेला एक-दोन. शहापूरच्या शेतकऱ्याला मात्र भाकड म्हशी आणि वगारी (तरण्या, अजून न व्यायलेल्या म्हशी) पाच-सात किलोमीटरवरच्या रानावर न्यायच्या-आणायच्या असतात, ट्रॅक्टर घरचाच आहे. त्याला ट्रॉली. एक लक्षात ठेवा, शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर आणि ट्रॉली भाड्यानं दुसऱ्यांची जनावरं वाहायला वापरता येत नाही. तसा विचार असेल तर नोंदणीच वेगळी करावी लागते.

साडेचौदा फुटांचा हिशेब

ट्रॉलीवाले बहुतेक 10 किंवा 12 फुटांची तयार ट्रॉली दाखवतात. ती विटा-रेतीसाठी बांधलेली असते, वर फक्त जाळीचे कठडे चढवून "जनावरांची" म्हणून विकतात. 10 बाय 6 मध्ये नियमानं दोन म्हशी बसतात. 12 बाय 6 मध्ये जागेच्या हिशेबानं तीन बसतात, पण त्यांना आडवं उभं करावं लागतं. जनावरं शक्यतो तोंड इंजिनाकडे करून उभी करावीत असं 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांतच म्हटलंय आणि त्याला कारण आहे. ब्रेक लागला की समोर तोंड असलेलं जनावर चारही पायांवर तोल सावरतं, आडवं असलेलं कुशीवर जातं.

चार म्हशी दोन-दोनच्या जोडीनं उभ्या करायच्या तर लोक 14 फूट लांबी घेतात. करा गुणाकार: एका म्हशीच्या वाट्याला 7 गुणिले 3, एकवीस चौरस फूट. अर्धा चौरस फूट कमी पडला! साडेचौदा फूट घेतली तर सव्वासात गुणिले 3, म्हणजे पावणेबावीस. मधल्या पार्टिशनच्या पाइपची जाडी धरली तर सरळ 15 फूटच सांगा. कारखान्यात ऑर्डर देताना हा एक फूट फुकटासारखा वाढवून मिळतो, नंतर वाढवता येत नाही. सहाच्या वर गुरं रस्त्यावरच्या कोणत्याच मालवाहू गाडीत चालत नाहीत, तेव्हा त्याहून मोठ्या ट्रॉलीचं स्वप्न बघू नका.

साधं लोखंड, गॅल्व्हनाइज, ॲल्युमिनियम

आपल्याकडे वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. देशावरच्या शेतकऱ्याची ट्रॉली पंधरा वर्षं टिकली म्हणून आपलीही टिकेल, असं होत नाही. त्यात जनावराचं मूत. त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो, क्षार साचतात, आणि ओल्या शेणाखाली लोखंड दिवसरात्र भिजत राहतं. घोडबंदरपासून ऐरोली-बेलापूरपर्यंत खाडीकाठी ज्यांचे गोठे आहेत, त्यांना खारी हवाही सोसावी लागते.

साध्या लोखंडाची ट्रॉली सगळ्यांत स्वस्त आणि कुठल्याही वेल्डरकडे दुरुस्त होते. हा फायदा मोठा आहे, कमी लेखू नका. मे महिन्यात कडी तुटली तर पडघ्यात तासाभरात जोडून मिळते. पण नुसता रेडऑक्साइड आणि वर तेलाचा रंग मारलेली ट्रॉली आमच्याकडे तीन पावसाळ्यांत सांध्यांवर फुगायला लागते. लोखंडीच घ्यायची असेल तर आधी पूर्ण घासून, मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, आणि तेही सांगाडा उलटा करून खालून.

गॅल्व्हनाइजमध्ये, म्हणजे जस्ताचा थर चढवलेल्या लोखंडात, दोन प्रकार विकले जातात आणि इथे फसगत होते. एक म्हणजे आधीच जस्त चढवलेले जीआय पाइप आणून त्याची ट्रॉली वेल्ड करणं. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, म्हणजे जिथे गंज आधी लागतो तीच जागा उघडी पडते. वर चंदेरी स्प्रे मारला की दिसत नाही. दुसरा प्रकार म्हणजे पूर्ण सांगाडा वेल्ड करून झाल्यावर तो साडेचारशे अंशांच्या आसपास वितळलेल्या जस्तात बुडवणं. खरं गॅल्व्हनाइजिंग हेच. ते पाइपच्या आतूनही होतं, त्यासाठी वेल्डरनं पाइपांना आधीच भोकं ठेवावी लागतात. नाहीतर आत अडकलेली हवा आणि ओल तापून पाइप फुटतो. त्यामुळे तयार ट्रॉलीच्या पाइपांना भोकं दिसली तर तो दोष समजू नका, ती चांगली खूण आहे. पैसे किलोवर लागतात. सांगाडा टाकीत मावायला हवा, म्हणून 15 फुटांचं माप आधीच विचारून घ्या.

ॲल्युमिनियमचं मला मनापासून आकर्षण होतं. 90 चौरस फुटांचा तळ 5 मिलिमीटर लोखंडाचा केला तर सव्वातीनशे किलोच्या वर जातो, तेवढ्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा सव्वाशेच्या आत. डिझेल वाचतं. पण गोठ्यात आपण चुना टाकतो, धुण्याचा सोडा वापरतो. हे दोन्ही ॲल्युमिनियमला खातात. जस्तालाही थोडे लागतात, पण ॲल्युमिनियमला फारच. शिवाय ॲल्युमिनियमचा पत्रा थेट लोखंडी सांगाड्यावर बोल्टनं कसला आणि मध्ये रबर घातलं नाही, तर ओल्या सांध्यात ॲल्युमिनियम भुकटी होऊन झडतं. आणि आपल्या भागात ते नीट वेल्ड करणारा माणूस तळोजा किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीत शोधावा लागतो. म्हणून दुधाच्या जनावरांसाठी मी ॲल्युमिनियम सुचवणार नाही. शेळ्यांसाठी पिकअपवरचा पिंजरा करायचा असेल तर जरूर विचार करा.

तळ

सगळा निर्णय इथेच आहे, म्हणून थोडं थांबून वाचा.

लोक 5 मिलिमीटरची चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा लोखंडी पत्रा) मागतात आणि जाडी बघून समाधानी होतात. माझ्या पहिल्या ट्रॉलीतला पत्रा जाडच होता. तो सडला, कारण प्लेट आडव्या अँगलांवर ठेवून अधूनमधून वेल्डिंगचे टाके मारले होते. दोन टाक्यांमध्ये केसाएवढी फट. त्या फटीत मूत शिरतं, बाहेर यायला वाट नसते. अँगलचं तोंड वर असेल तर त्याचं पन्हाळंच होतं. जाडी एका मिलिमीटरनं वाढवून एखादं वर्ष मिळतं. फट पूर्ण वेल्डनं बंद केली आणि अँगल पालथे लावले, तर पत्रा धुऊन सुकतो आणि कितीतरी जास्त टिकतो.

दुसरं, उतार. मागच्या फाळक्याकडे (खाली पाडता येणाऱ्या दाराकडे) तळाला अगदी दोन बोटं उतार असला तरी पाईपनं धुताना शेण आपोआप मागे येतं. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत मूठभर पाणी सुटेल एवढ्या वाटा ठेवायला सांगा. ट्रॉली बघायला जाल तेव्हा एक बादली पाणी मागून घ्या आणि पुढच्या कोपऱ्यात ओता. पाच मिनिटांनी डबकं कुठे राहिलंय ते बघा. जिथे डबकं, तिथे तिसऱ्या वर्षी भोक.

लाकडी फळ्यांचा तळ जुनी माणसं अजून पसंत करतात. ऐनाच्या फळ्या असतील तर पायाला गरम लागत नाहीत, घसरत नाहीत, आणि एक कुजली तर एकच बदलता येते. मलाही त्या आवडतात. पण 2022 साली लम्पीची साथ आली, बाजार बंद झाले, तेव्हा पशुवैद्यकांनी गाडी निर्जंतुक करायला सांगितली आणि फळ्यांच्या फटींतून ते होईना. लाळ्या खुरकूतच्या बाबतीतही तीच अडचण. ज्याची जनावरं बाजारात जातात-येतात, त्यानं लाकूड टाळावं.

चेकर प्लेट ओली झाली की तिची नक्षी म्हशीच्या खुराला पुरत नाही, त्यामुळे वर काहीतरी लागतंच. नियमही घसरू नये असं काथ्याचं किंवा लाकडी अंथरूण मागतो. रबरी मॅट सगळ्यांत चांगली, पण ती चिकटवू नका. चिकटवलेल्या मॅटखाली जे साचतं ते दिसत नाही. दोन माणसांनी उचलता येतील असे तुकडे घ्या आणि प्रत्येक खेपेनंतर बाहेर काढून कठड्यावर टाका.

उंची

रेतीच्या ट्रॉलीचा तळ जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतो. जनावराला सोसेल असा चढ म्हणजे उंचीच्या साधारण तिप्पट लांब फळी, म्हणजे इथे साडेदहा फूट. ती कोण वागवणार? मग बांध शोधायचा, ट्रॉली उलटी लावायची आणि गाभण म्हशीला मागून तिघांनी रेटायचं. लहान चाकं आणि खाली घेतलेला धुरा असेल तर तळ 2 फुटांवर येतो, मग 6 फुटांचा मागचा फाळकाच खाली पाडून चढण होतो. त्यावर वीतभर अंतरानं आडव्या पट्ट्या मारून घ्या. माझी थोरली म्हैस जुन्या ट्रॉलीसमोर पाय रोवून उभी राहायची, शेपटी पिळली तरी हलायची नाही. नव्या चढणीला तिनं नाक लावून हुंगलं, एक खूर ठेवून दाबून बघितलं आणि दावं सैल असतानाच आत गेली.

कठडे खालून 3 फूट बंद पत्र्याचे आणि त्यावर पाइप, एकूण 5 फूट. खाली जाळी असली की पाय अडकतो. वर पत्र्याचं छप्पर नको, कमानी लावून शेडनेट टाका. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक घ्याच, चार म्हशी आणि ट्रॉली मिळून तीन टनांच्या वर ओझं होतं.

कागद

ट्रॉलीची स्वतःची आरटीओ नोंदणी लागते.  बांधणारा नोंदणीचे कागद देणार का, हे बयाणा देण्याआधी लेखी घ्या. प्रवासात पशुवैद्यकाचा प्रवासयोग्य असल्याचा दाखला, कानातल्या 12 अंकी बिल्ल्याचा नंबर आणि खरेदीची पावती जवळ ठेवा, सोबत एक माणूस फक्त जनावरांपाशी हवा. त्याच खेपेत पेंडीची पोती टाकू नका. जनावरांबरोबर दुसरा माल चालत नाही.

जुनी ट्रॉली घेणार असाल तर छोटा हातोडा घेऊन जा. आडवे व्हा आणि खालून प्रत्येक सांध्यावर ठोका. चांगलं लोखंड खणखणतं. कुजलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि पापुद्रे तोंडावर पडतात. नवा रंग मारून विकायला काढलेल्या ट्रॉलीत हे जास्तच करा.

मी शेवटी काय घेतलं ते सांगतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून चॅनल आणि पाइप स्वतः निवडून आणले, भिवंडीत सांगाडा बांधून घेतला, भोकं ठेवून पूर्ण बुडवून गॅल्व्हनाइज केला. तळ 4 मिलिमीटरची प्लेट, सांधे सलग, अँगल पालथे, वर सुट्या मॅट. साध्या लोखंडी ट्रॉलीपेक्षा साधारण दीडपट खर्च आला. यंदा तिचा पाचवा पावसाळा. दर अमावस्येला घरचे ट्रॅक्टर धुतात तेव्हा मी हातोडा घेऊन तिच्याखाली जातो. परवा मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे फाळक्याची बिजागरी नंतर वेल्ड करावी लागली होती, तिथे रुपयाएवढा तांबूस डाग दिसला. घासून जस्ताचा रंग लावलाय. पुढच्या महिन्यात पुन्हा बघेन.