वाड्यासाठी ‘लिफ्ट, संडास, वरची खोली’ पॅकेज: काय पास, काय नापास

पुण्याच्या पेठांतल्या दुमजली वाड्यांसाठी ठेकेदार जे पॅकेज घेऊन येतात, त्यात तीन गोष्टी ठरलेल्या: चौकात लिफ्ट, वरच्या मजल्यावर संडास-बाथरूम आणि कौलं उतरवून तिथे एक खोली. रंगीत चित्रं झकास असतात. त्यांत वाडा नुकताच रंगवलेला आणि बोळात एकही स्कूटर नाही. पण आधी मागावा तो उभा छेद: जोत्यापासून आढ्यापर्यंत वाडा कापून दाखवणारं रेखाचित्र, त्यावर भिंतींची जाडी, तुळयांची मापं, चौकाचा उतार. ते नसेल तर बाकीचे कागद उघडण्यात वेळ घालवू नका.

लिफ्टपासून सुरुवात करू. चौक ही ‘रिकामी जागा’ नव्हे. माजघराला उजेड तिथून येतो, पागोळ्या तिथे पडतात आणि पाणी मोरीतून बाहेर जातं. नेहमीच्या चार माणसांच्या (२७२ किलो) लिफ्टला खाली सव्वा ते दीड मीटर खड्डा लागतो. चौकात तो घेतला की आषाढात त्याची विहीर होते. त्यातच भिंतीचा पाया किती खोल आहे, हे कुणी पाहिलेलं नसतं. पायाच्या खाली, लगत खणलं की जोत्याचे दगड सरकतात. भेग मात्र दिसते वरच्या मजल्यावर, खिडकीच्या कोपऱ्यात, म्हणून दोष तिथल्या गिलाव्यावर जातो. आधी हाताने चाचणी खड्डा घ्या. पेठांत कात्रजच्या नळाचे (पेशवेकालीन भुयारी पाणीपुरवठ्याचे) जुने हौदही अचानक लागतात, तेव्हा जेसीबीचं नाव काढू नका.

त्यापेक्षा घरगुती प्लॅटफॉर्म लिफ्ट बरी. खड्डा साधारण १५० मिमी, वेग सेकंदाला १५ सेंमी. संथ आहे, पण एक मजला चढायला पुरे. ती मागच्या पडवीलगत, स्वतःच्या लोखंडी चौकटीवर उभी करावी. चौकट आणि जुनी भिंत यांत किमान २५ मिमी फट हवी, कारण पुणे भूकंपाच्या मध्यम धोक्याच्या भागात आहे आणि धक्क्यात लाकूड व लोखंड एका तालात हलत नाहीत. फटीवरची पट्टी एकाच बाजूला स्क्रूने धरायची, दुसरी बाजू सरकती. ती दोन्हीकडून ठोकून टाकण्याची चूक हमखास होते. जागा बदलली तर लिफ्ट पास.

संडास-बाथरूम दिसायला निरुपद्रवी, पण वाडा पोखरतं तेच. हिशोब असा: घरगुती मजल्यावर वापराचा भार चौरस मीटरला २०० किलो धरतात. कडीपाटावर (लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेल्या मजल्यावर) १०० मिमी जाडीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा टाकला की जवळजवळ तेवढं वजन त्याचंच. फरशी, आडभिंती आणि भरलेली बादली वेगळी. कड्या लगेच मोडत नाहीत, वाकतात. वाकल्या की कोब्याला केसासारखी भेग जाते आणि पाणी पाटात उतरतं. ते वाट काढत तुळईच्या भिंतीतल्या टोकाशी येतं. तिथे हवा लागत नाही, नजरही पोचत नाही. सागसुद्धा तिथे कुजतो, मग वाळवी येते. वरून वॉर्निश चकचकीत, आणि दाभण दाबली तर मुठीपर्यंत आत.

म्हणून प्रस्ताव मंजूर करण्याआधी प्रत्येक तुळईचं टोक दाभणीने तपासा, हातोडीने ठोकून आवाज ऐका, ओलावा मोजा. वीस टक्क्यांच्या वर आकडा गेला तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. भिजलेल्या माती-विटांच्या भिंती कशा बसतात हे पुण्याने जुलै १९६१च्या पानशेत पुरात पाहिलंय. गळका पाइप तेच काम गुपचूप करतो.

इथेही उपाय वेगळ्या सांगाड्याचा. बोळाच्या बाजूला सुटा मनोरा, त्यात खालीवर संडास, आणि वाड्यात शिरायला शक्यतो असलेलीच दारं वापरायची. ११० मिमीचा पाइप भिंतीपासून ५० मिमी सुटा ठेवावा, म्हणजे गळती दिसते. आडव्या पाइपला ४० ला १ उतार, वर हवेचा पाइप, वळणावर चेंबर. भिंतीत गाडलेला पाइप असेल तर सरळ नापास.

वरची खोली नापास. मंगलोरी कौलांचं वजन चौरस मीटरला सुमारे ४५ किलो, १२५ मिमीच्या स्लॅबचं ३१० च्या वर. लोखंडी चौकट आणि पत्रे हलके खरे, पण तिचे खांब नेमके माती-विटांच्या भिंतीवर टेकवलेले असतात. शिवाय दर्शनी बाजू बिघडते. शंका असेल तर नियोजित उंचीला बांबू आणि फडकं बांधा आणि समोरच्या फुटपाथवरून पाहा. फडकं दिसलं तर खोलीही दिसणार. वाडा पालिकेच्या वारसा यादीत असेल तर वारसा समितीकडे जावंच लागतं. शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत असेल तर वाढीव बांधकामाचा विषयच संपतो, परवानगी घेऊन दुरुस्ती तेवढी होते.

पाण्याची टाकी: हजार लिटर म्हणजे एक टन. जमिनीवर ठेवा.

आता दरपत्रक. ‘दुरुस्ती व गिलावा, लम्पसम’ अशी एकच ओळ असते. चुन्याचा गिलावा वेगळ्या ओळीत लिहून मागा: एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग वाळू, आणि ओला ठेवण्याचे दिवस. जुन्या विटेवर सिमेंट चढवलं की भिंतीतली ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याबरोबर विटेचा दर्शनी थरही सुटून येतो. चुन्याला वेगळा दर लावलेला नसेल, तर साइटवर सिमेंटच्या गोण्या उतरणार.