इफेमरल, ट्रान्झियंट, टेम्पररी की फ्लीटिंग: कुठे कुठला लिहायचा?

थोडाच वेळ टिकणाऱ्या गोष्टीसाठी इंग्रजीत बरेच शब्द आहेत आणि डिक्शनरी उघडली तर सगळ्यांचा अर्थ जवळपास सारखाच दिलेला असतो, मग लोक काय करतात, भारी वाटतो म्हणून इफेमरल कुठेही ठोकून देतात. माझं म्हणणं एवढंच, की किती वेळ टिकते यापेक्षा ती गोष्ट संपते कशी ते बघा.

कोणीतरी ठरवून काही काळापुरती केलीये आणि नंतर पक्की सोय येणार, तर सरळ टेम्पररी. पासवर्ड, पत्ता, नोकरी, सगळं यात बसतं. इफेमरल जॉब लिहिलंत तर उगाच कविता केल्यासारखं वाटतं.

इफेमरल मूळचा ग्रीक, अर्थ एक दिवसाचा. मेफ्लाय नावाच्या किड्यांच्या गणाचं शास्त्रीय नावच इफेमेरॉप्टेरा आहे, पिल्लू पाण्यात महिनोन्‌महिने काढतं पण पंख फुटले की काही तास, फार तर काही दिवस, खेळ खल्लास. म्हणजे अल्पायुष्य हा स्वभावच. प्रसिद्धी, फॅशन, २४ तासांनी गायब होणारी स्टोरी, यांना हाच शोभतो, आणि त्यात जराशी हळहळ पण येते. कम्प्युटरवाल्यांना मात्र हळहळ वगैरे काही नाही, त्यांचा इफेमरल पोर्ट म्हणजे एका कनेक्शनपुरता घेतलेला नंबर, स्टँडर्डप्रमाणे ४९१५२ ते ६५५३५ मधला, काम झालं की सोडून दिला.

ट्रान्झियंट म्हणजे आलं आणि आपोआप निघून गेलं. सर्व्हरचा ट्रान्झियंट एरर असेल तर परत ट्राय केलं की बहुतेक वेळा चालतं. डॉक्टरांच्या ट्रान्झियंट इस्केमिक अटॅकमध्ये मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं आणि मग सगळं पूर्ववत, पण तो पुढच्या स्ट्रोकचा इशारा असू शकतो, त्यामुळे शब्दावर जाऊन घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

फ्लीटिंग म्हणजे ओझरतं, धरायच्या आत निसटलेलं. फ्लीटिंग ग्लिम्प्स, फ्लीटिंग स्माइल. मोमेंटरी नुसतं क्षणभराचं, जसा दाबून धरला तेवढाच चालू राहणारा मोमेंटरी स्विच. याच्याच मोमेंटरिलीत एक गोची आहे, अमेरिकन माणूस तो बहुतेकदा 'आत्ता थोड्याच वेळात' अशा अर्थाने वापरतो आणि ब्रिटिश 'क्षणभर' म्हणून, तेव्हा ईमेलमध्ये टाळलेलाच बरा.

आणि हो, इफेमरल बोलताना जोर 'फे'वर द्यायचा.