इंजिन ऑइल: 15,000 ला बदलावं की 7,500 ला?

ऑइल फुल सिंथेटिक, आणि काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं: 15,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते, वापर खडतर असेल तर याच्या निम्म्यावर. खडतरच्या यादीत छोट्या फेऱ्या, ट्रॅफिकमध्ये रेंगाळणं, धूळ, जड ओझं असं सगळं येतं. म्हणजे रोज गाडीने कामावर जाणारे बरेच जण त्यात बसतात आणि बसत नाहीत असं समजून चालतात. माझ्या पेट्रोल टर्बोवर मी हे दोन्ही आकडे पाळून पाहिले आहेत, ऑइलचा ग्रेड (म्हणजे घट्टपणा) न बदलता. (5,000 चा जुना हिशोब मिनरल ऑइलचा. ते वापरत असाल तर तोच पाळा, पुढचं वाचायची गरज नाही.)

15,000 वाल्यांची बाजू कच्ची नाही. आजच्या सिंथेटिकमधला डिटर्जंट आणि बाकीची अ‍ॅडिटिव्ह्ज एवढं अंतर तग धरतात. ऑइल काळं पडलं म्हणजे संपलं असंही नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे, डिझेलमध्ये तर ते टाकल्या टाकल्या काळं होतं. 1996 साली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी मासिकाने न्यूयॉर्कच्या टॅक्स्यांवर मोठी चाचणी घेतली. काहींचं ऑइल 3,000 मैलांवर बदललं, काहींचं 6,000 वर, आणि शेवटी इंजिनं उघडून पाहिली. झिजेत सांगण्यासारखा फरक नव्हता. मला पटतं, फक्त एक गोष्ट राहून जाते: टॅक्सीचं इंजिन दिवसभर गरम असतं. आपलं सकाळी थंड सुरू होतं, जेमतेम तापतं तोवर बंद होतं, आणि संध्याकाळी तेच पुन्हा. ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जायला जी उष्णता आणि जो वेळ लागतो, तो त्याला मिळतच नाही.

तरी मी 15,000 सोडलं ते झिजेच्या भीतीने नाही. माझ्या इंजिनमध्ये काय झिजलं हे मी मोजलेलं नाही, आणि दोन्ही काळात गाडी सारखीच पळाली. मला वैताग आला तो डिपस्टिकचा, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायच्या खुणांच्या पट्टीचा.

पहिले काही महिने लेव्हल जागची हलत नाही. आपण खूश, इंजिन ऑइल पीत नाही म्हणून. मग एखादा लांबचा हायवे प्रवास होतो आणि मधेच पिवळा दिवा लागतो: ऑइल कमी. कालपर्यंत काठोकाठ होतं ते गेलं कुठे? डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या गाड्यांमध्ये छोट्या फेऱ्यांत थोडं पेट्रोल पिस्टन रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. इंजिन थोडं ऑइल खातं, त्याची जागा पेट्रोल भरून काढतं, आणि डिपस्टिक सगळं ठीक दाखवते. हायवेवर इंजिन तास दोन तास नीट तापलं की ते पेट्रोल उडतं आणि खरी लेव्हल उघडी पडते. मिन आणि मॅक्सच्या खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत लिटरभराचं असतं. एकूण ऑइल चार लिटरच्या आसपास, त्यातलं लिटरभर गेलं तर उरलेल्यावर किती ताण येतो ते सांगायला नको. काही गाड्यांत तर हा पिवळा दिवाही नसतो, फक्त प्रेशरचा लाल असतो, आणि तो लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

याला उपाय आहे. डिक्कीत त्याच ग्रेडची, त्याच स्पेसिफिकेशनची बाटली ठेवायची, दर पंधरवड्याला सपाट जागी गाडी लावून लेव्हल बघायची. मी हे इमानाने केलं. पण अर्धी वापरलेली बाटली कितीही घट्ट बंद केली तरी पाझरतेच, डिक्कीला वास लागतो, आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी मनात तोच हिशोब सुरू होतो. वर्षातून एकदाच गॅरेजला जायचं ही 15,000 ची खरी गंमत, तीच यात संपते.

7,500 वर आल्यापासून बाटली घरी गेली. डिपस्टिक मी अजूनही बघतो, पण लेव्हल खालच्या खुणेजवळ पोचायच्या आत ऑइल बदललेलं असतं, आणि त्यात मुरलेलं पेट्रोलही त्याच्याबरोबर बाहेर जातं. तोटे आहेतच. ऑइल आणि फिल्टर दुप्पट लागतात, टाकाऊ ऑइलही दुप्पट निघतं. शिवाय इंजिनखालचं प्लॅस्टिकचं कव्हर जितक्या वेळा उघडाल तितक्या त्याच्या क्लिपा तुटतात, मग ते खडखडायला लागतं. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा टाकायला सांगावं लागतं, नाहीतर जुनाच परत बसवला जातो.

तुमचं रोजचं धावणं मोकळ्या रस्त्यावरचं, लांब पल्ल्याचं असेल आणि इंजिन ऑइल खात नसेल, तर 15,000 वर खुशाल राहा. निम्म्यावर बदलून फार काही हाती लागेल असं वाटत नाही. फेऱ्या दहा पंधरा मिनिटांच्या असतील, त्यातून इंजिन टर्बो असेल, तर मी तरी 7,500 च्या पुढे जाणार नाही. आणि वर्षाला तेवढंही धावणं होत नसेल तर किलोमीटर विसरा, तारीख धरा. वॉरंटी चालू असेपर्यंत मॅन्युअलच्या आकड्याआधी बदललं तर अडचण नाही, फक्त बिलावर ऑइलचा ग्रेड आणि ओडोमीटरचं रीडिंग लिहून घ्या.