फौंड्रीतून झूम मीटिंग: नऊ महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे. एसजी आयर्नची, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाची कास्टिंग करतो, गिऱ्हाईक बहुतेक पुणे-चाकणकडचं. नवं ड्रॉइंग आलं की पुण्याची वारी ठरलेली असायची. पहाटे पाचला निघायचं, रस्त्याच्या कामात आणि खंबाटकी घाटात अडकायचं, तासभर मीटिंग करायची आणि रात्री दहाला घरी. गेले नऊ महिने यातल्या बऱ्याच वाऱ्या झूमवर उरकतोय.

सुरुवातीला फुकटच्या प्लॅनवर होतो. ४० मिनिटं झाली की मीटिंग बंद. २०२२ पासून दोघांच्या मीटिंगलाही हीच मर्यादा आहे. (गूगल मीट तिघं किंवा जास्त असतील तर फुकटात ६० मिनिटं देतं.) अडचण होईल वाटलं होतं, पण त्या ४० मिनिटांत कामाचंच बोलणं व्हायचं. पैसे भरल्यावर पहिलीच मीटिंग दोन तास चालली आणि ठरलं काय, तर पुढची मीटिंग कधी घ्यायची ते.

खरा घोळ आवाजाचा झाला. आमचे मोल्डिंगचे जुने सुपरवायझर, त्यांना सगळे मामाच म्हणतात, कास्टिंगवर हातोडी मारून माल ओळखतात. चांगलं एसजी घंटेसारखं टणकन वाजतं आणि नाद रेंगाळतो. चीर असली की बद्द. एका लॉटबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात शंका होती, म्हणून मामांनी मोबाइलसमोर पीस टांगला आणि हाणली हातोडी. पुण्याहून उत्तर आलं, "मारा की!" मामांनी परत मारली. "हॅलो, आवाज येत नाहीये." चार वेळा झालं. शेवटी मामा माझ्याकडं बघायला लागले, जणू मीच कान झाकून बसलोय.

चूक ॲपची नव्हती, आमची होती. माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकीचा कापायचा, हे नॉइज सप्रेशनचं कामच आहे. फर्नेसची घरघर ते छान कापतं, शॉपमध्ये उभं राहून बोलता येतं ते त्यामुळंच. पण हातोडीचा नाद हाही त्याच्या लेखी गोंगाटच. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' नावाचा पर्याय आहे, तो चालू केल्यावर टणत्कार पुण्यात पोचला. गवयांसाठी केलेली सोय फौंड्रीच्या कामी आली. अर्थात माल पास-फेल अल्ट्रासोनिक तपासणीवरच होतो, पण आवाज ऐकून निदान गाडीत चढवायचा की नाही ते ठरतं.

नेटचं म्हणाल तर लाइन फास्ट असून भागत नाही. ऑफिसातला वायफाय पत्र्याच्या शेडमध्ये शिरला की दम तोडायचा आणि शिव्या आम्ही कंपनीला घालायचो. मग ऑफिसपासून मोल्डिंगपर्यंत साठेक मीटर लॅन केबल ओढली (शंभर मीटरपर्यंत चालते) आणि तिथंच एक राउटर बसवला. तेव्हापासून चित्र अडकलेलं नाही.

ड्रॉइंग मात्र नुसतं स्क्रीन शेअर करून दाखवू नका. मोठ्या शीटवरचा ३६ मोबाइलवर ३८ दिसतो. आमचा एक कोअर बॉक्स (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा घडवायचा साचा) त्यापायी पुन्हा बनवावा लागला. आता पीडीएफ आदल्या दिवशी पाठवतो, रिव्हिजन नंबर मोठ्यानं वाचून दाखवतो आणि मगच ॲनोटेटनं शेअर केलेल्या शीटवर गोल करत बोलतो. समोरच्यालाही त्याच शीटवर खूण करता येते, हे मला फार आवडलं.

आणि पेमेंटचं बोलणं झूमवर करू नका. रकमेचा विषय निघाला की समोरचा कॅमेरा बंद होतो आणि "तुमचा आवाज तुटतोय" सुरू होतं. त्यासाठी मी अजून पुण्यालाच जातो. दारात उभ्या माणसाला म्यूट करता येत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानीमनी नव्हती. पूर्वी मामांचं म्हणणं मी पुण्याला न्यायचो आणि तिकडचं मामांना सांगायचो, दोन्हीकडचं निम्मं वाटेतच सांडायचं. आता डिझाइनच्या मॅडम आणि मामा थेट बोलतात. मामांना आधी कॅमेऱ्याचा संकोच वाटायचा, टोपी नीट करून ताठ बसायचे. एका ब्रॅकेटच्या वेळी मात्र राहवलं नाही. पॅटर्नच (वाळूत ठसा उमटवायचा नमुना) हातात धरून म्हणाले, "मॅडम, हितं ड्राफ्ट द्या थोडा. पॅटर्न काढताना वाळू संगं येतीया." (ड्राफ्ट म्हणजे बाजूंना दिलेला किंचित उतार.)

"किती देऊ, मामा?"

"दोन डिग्री द्या. तुमच्या मशिनिंगला धक्का न्हाई लागत."

मॅडमनी तिथंच मॉडेल उघडून बदल केला. हाच निरोप माझ्यामार्फत गेला असता तर आठवडा मोडला असता, आणि मी एखादी डिग्री इकडची तिकडं केली असती.

परवा बँकेतून यायला मला उशीर झाला. जॉइन झालो तर दोघांचं बोलणं संपत आलं होतं. "बसा," मामा म्हणाले, "झालंच आमचं."