१४ फुटी ॲल्युमिनियम होडी : मासेमारी आणि घरच्यांची सहल, एका हंगामाचा अनुभव

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर, कोल्हापूरच्या पंचगंगेवरच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले जात होते त्या दिवसांत आम्ही ॲल्युमिनियमची १४ फुटी होडी घेतली. आता पुढचा पावसाळा तोंडावर आला आहे, बरगे निघण्याची वेळ झाली आहे, तेव्हा हंगामभराचा अनुभव सविस्तर मांडत आहे. होडी घेताना दोन गरजा समोर होत्या. मला आणि धाकट्या भावाला गळाने मासेमारी करायची होती, आणि सुट्टीच्या दिवशी आई, पत्नी व दोन्ही मुलांना निर्धास्तपणे पाण्यावर नेता यावे अशी इच्छा होती. हंगामभर वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की या दोन्ही उपयोगांची कसोटी एकच आहे: इंजिन बंद करून होडी एका जागी उभी असताना आतली माणसे हलली, तर ती किती कलते? वेगाविषयी विक्रेते भरभरून बोलतात. या गोष्टीविषयी मात्र आपणच खोदून विचारावे लागते.

आमच्या होडीचा तळ पुढे इंग्रजी व्ही आकाराचा असून मागे जात जात जवळजवळ सपाट होतो, आणि रुंदी साडेपाच फूट आहे. गळ टाकताना आम्ही दोघे भाऊ होडीच्या एकाच काठाशी उभे राहिलो तरी ती थोडी कलते आणि तिथेच थांबते. पुढे आणखी झुकत जात नाही. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे, कारण मुले कधी एका जागी बसत नाहीत आणि मासा लागला की सगळेच एका बाजूला धावतात. सपाट तळाची किंमतही मोजावी लागते. दुपारनंतर वारा सुटला आणि जलाशयावर लाटा उठल्या की होडी पाण्यावर आपटत जाते व पुढे बसणाऱ्याच्या पाठीला हिसके बसतात. खोल व्ही तळाची होडी त्याच लाटा कापत गेली असती, पण उभी असताना ती अधिक डोलली असती. आपल्याकडच्या नद्या आणि जलाशय पाहता मी पुन्हा सपाट तळच निवडेन.

धातूविषयी थोडे विस्ताराने सांगतो. तळाचा पत्रा अडीच मिलिमीटर जाडीचा, ५०५२ या मिश्रधातूचा आहे. त्यात सुमारे अडीच टक्के मॅग्नेशियम असते आणि पाण्यातल्या गंजाला तो चांगला टिकतो. ५०८३ हा त्याहून मजबूत मिश्रधातू असून मोठ्या व समुद्रात चालणाऱ्या होड्यांसाठी तो अधिक वापरला जातो. गोड्या पाण्यातल्या आमच्या वापराला ५०५२ पुरेसा ठरला. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी उतरले की बुडालेल्या शेतांचे बांध आणि काळ्या दगडांचे उंचवटे पाण्याखाली हातभर अंतरावर येतात. एकदा सोबत आलेल्या मच्छीमार संस्थेच्या एका जुन्या सभासदांनी, "पंखा वर घ्या, हितं खाली जुना बांध हाय," असे म्हणेपर्यंत तळ दगडावरून घासत गेलाही होता. काठावर येऊन पाहिले, तर रंग खरवडला होता आणि वीतभर लांबीचा उथळ पोचा पडला होता. पाणी मात्र थेंबभरही आत आले नव्हते. फायबरच्या होडीला असा मार बसला असता, तर वरचा थर तडकून आत पाणी मुरण्याची चिंता राहिली असती.

तक्रार आहे ती जोडकामाची. तळाचे आणि कडांचे वेल्डिंग उत्तम आहे, पण मधल्या आसनाच्या आधारपट्टीचा जोड डिसेंबरमध्येच तडकला. उत्पादकाच्या प्रतिनिधीने पाहून जातो म्हणून सांगितले आणि पुढे कोणी फिरकले नाही. सुदैवाने हे कोल्हापूर आहे. शिवाजी उद्यमनगरात ॲल्युमिनियमचे टिग वेल्डिंग करणारा अनुभवी कारागीर मिळाला. त्याने ५३५६ या मिश्रधातूची तार वापरून जोड भरला आणि खाली एक जादा पट्टी दिली. तेव्हापासून आसन जराही हललेले नाही. ५०५२ सारख्या पत्र्याची ताकद वेल्डच्या आजूबाजूला उष्णतेने कमी होते, त्यामुळे भार घेणाऱ्या ठिकाणी नुसता जोड न भरता आधाराची पट्टी मागून घ्यावी, हे त्याचे सांगणे मला पटले.

होडी घरी आल्यावर घरच्यांना बसवण्यापूर्वी आम्ही काठालगत कमरेएवढ्या पाण्यात ती मुद्दाम बादल्यांनी भरली. होडीचे काठ पाण्याच्या पातळीला टेकले, आतले पाणी आणि बाहेरचे पाणी एक झाले, तरी होडी बुडाली नाही. आसनांच्या पोटात भरलेल्या फोमने तिला धरून ठेवले, आणि काठाला धरून लोंबकळणाऱ्या भावाचे वजनही तिने पेलले. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड आहे, त्यामुळे फोम नसलेली धातूची होडी भरली की सरळ तळ गाठते. विक्रेत्याने फोम असल्याचे सांगितले तरी ही चाचणी प्रत्येकाने स्वतः करावी असे मी आग्रहाने म्हणेन. आई त्यानंतरच होडीत बसायला तयार झाली.

आवाज आणि ऊन या दोन बाबतींत धातू त्रास देतो. डबा किंवा वल्हे हातातून निसटून तळावर पडले की तो दणका पाण्यात दूरवर जातो, आणि उथळ पाण्यातल्या केंदाळाच्या (जलपर्णीच्या) कडेला दबा धरून बसलेली मरळ पुन्हा त्या जागी गळाला लागत नाही. एप्रिलच्या उन्हात तर उघड्या पत्र्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. आम्ही संपूर्ण तळावर जाड फोमची चटई चिकटवून घेतली आणि घडी होणारे छत बसवले. चटईने दोन्ही त्रास बऱ्याच अंशी गेले. छत गळ टाकताना आड येते, म्हणून मासेमारीला निघताना ते घरीच ठेवतो.

इंजिन १५ अश्वशक्तीचे, फोर स्ट्रोक आहे. दोघे असताना होडी चटकन पाण्यावर उचलली जाते आणि हलकी धावते; पाच माणसे, पाण्याचे कॅन आणि जेवणाचे डबे असले की मात्र ती पुढून उचलते व मागून पाणी ओढत राहते. भाराच्या वेळी इंजिन पुरेसे फेरे घेत नाही, याचा अर्थ पंख्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पाण्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर, जास्त आहे. पिच एक इंचाने कमी केली की फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. घरच्यांसाठी तसा दुसरा पंखा घ्यायचे ठरवले आहे. वरचा वेग थोडा घटेल, त्याचे मला काही वाटत नाही.

पंचगंगेवर खरी परीक्षा केंदाळाची असते. त्याची मुळे पंख्याभोवती गुंडाळतात आणि इंजिन थंड ठेवणारे पाणी ज्यातून ओढले जाते ती जाळी बुजवतात. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार थांबली की ताबडतोब इंजिन बंद करून जाळी साफ करावी, नाहीतर पाणी ओढणाऱ्या पंपाचे रबर जळते. केंदाळाचा पट्टा दिसला की आम्ही इंजिन वर घेतो आणि वल्ह्यांनी पार होतो. ॲल्युमिनियमची होडी हलकी असल्यामुळे हे शक्य होते.

पेट्रोलची बाब उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला जवळची आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असते, आणि अनेक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायच्या) इंजिनांच्या पुस्तिकांमध्ये १० टक्क्यांपर्यंतचीच मर्यादा दिलेली आहे. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते; टाकीत पेट्रोल आठवडेच्या आठवडे पडून राहिले तर पाणीमिश्रित थर खाली बसतो. खरेदीपूर्वी आपल्या इंजिनाची मर्यादा लेखी विचारून घ्यावी. आम्ही पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवला आहे, लागेल तेवढेच पेट्रोल भरतो आणि फेरी संपली की उरलेले काढून घेतो.

पितळी किंवा तांब्याची कोणतीही जोडणी ॲल्युमिनियमला थेट लावू नये. ओलाव्यात ॲल्युमिनियमच झिजते. तळाला तांबेयुक्त रंगही देऊ नये. गोड्या पाण्यात जस्ताच्या ॲनोडपेक्षा (स्वतः झिजून होडीचा धातू वाचवणाऱ्या तुकड्यापेक्षा) मॅग्नेशियमचा ॲनोड अधिक उपयोगी पडतो.

परवानग्यांचा विचार होडी घेण्याआधी करावा. धरणांच्या जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यामुळे संस्थेची आणि जलसंपदा विभागाची संमती लागते. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतले नियम आणखी कडक आहेत. यंत्राच्या होडीला २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यानुसार नोंदणी, आणि ती वाहून नेणाऱ्या ट्रेलरला आरटीओची नोंदणी लागते.

घरच्यांना घेऊन जाताना आमचे दोन नियम आहेत आणि त्यांत सवलत नाही. जॅकेट घातल्याशिवाय कोणी काठावरून पाऊल उचलत नाही, आणि होडीच्या क्षमतेच्या पाटीवर लिहिलेल्या माणसांच्या संख्येपेक्षा एकही जास्त घेतला जात नाही, मग पाहुणे कितीही जवळचे असोत. २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली होडी उलटून जीव गेले, हे आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगालाही आम्ही बरेच अंतर राखून वळतो, कारण बरग्यांवरून पाणी पडत असेल तर ओढ दुरून दिसत नाही.

होडी आहे असे कळल्यापासून, पूर आल्यावर ती उपयोगी पडेल असे अनेक जण म्हणतात. मला ते मान्य नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी तिथवर जाते तेव्हा प्रवाहात ओंडके, कुंपणांच्या तारा आणि विजेच्या वाहिन्या असतात, आणि १५ अश्वशक्तीची सहलीची होडी तिथे मदत करण्याऐवजी अडचणच वाढवते. ते काम प्रशिक्षित पथकांचे आहे. आमची होडी मृगाच्या आधी पाण्याबाहेर निघते. रोहू, कटला, मृगळ यांच्या विणीचा काळही पावसाळ्यातच येत असल्याने गळ तसेही बांधून ठेवायचे असतात. पूररेषेच्या बरेच वर असलेल्या भावाच्या गोठ्यात ती तळाचे बूच काढून, पुढची बाजू उंच ठेवून उभी करतो आणि चटईखाली साचलेला ओलावा उन्हात पूर्ण वाळवून घेतो. या खेपेला चटई उचलल्यावर आसनाखालच्या एका स्क्रूभोवती पांढरी भुकटी, म्हणजे ॲल्युमिनियम झिजू लागल्याची खूण, दिसली. तो स्क्रू काढून नायलॉनचा वॉशर घालूनच परत बसवायचा आहे.