एफएसडब्ल्यूसाठी कॉलेजचं मिलिंग मशीन की फोर्स कंट्रोलचं खास मशीन?

एफएसडब्ल्यू म्हणजे फ्रिक्शन स्टर वेल्डिंग: फिरतं टूल दोन प्लेटांच्या सांध्यात दाबून पुढे न्यायचं, आणि घर्षणाने मऊ पडलेला धातू न वितळता ढवळून जोडला जातो. टूलच्या टोकाची बारीक पिन आत घुसते, तिच्या वरचा रुंद शोल्डर प्लेटवर घासतो. आपल्याकडचे यावरचे पाच-सहा प्रबंध एकापाठोपाठ उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी टूलचा वेग (आरपीएम, मिनिटाला फेरे) 710, 1000, 1400 असा सापडेल, नाहीतर 900, 1120, 1400. हे आकडे ॲल्युमिनियमने मागितलेले नसतात. ते व्हर्टिकल मिलिंगच्या गिअरबॉक्सवरच्या पाटीवर असतात, आणि आकड्यांची ती शिडी रेनार्ड मालिकेतून, म्हणजे ठरावीक पटीने वाढणाऱ्या प्रमाणित आकड्यांतून, आलेली आहे. थोडक्यात, आपण विचार सुरू करायच्या आधीच लिव्हरने अर्धा निर्णय घेतलेला असतो.

मीही दीड वर्ष याच शिडीवर चढ-उतार केली आणि मग उरलेलं काम दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेत, खास मशीनवर, स्लॉट घेऊन केलं. त्यामुळे ‘आपल्याच मिलिंगवर करू की बाहेर जाऊ?’ असं कुणी विचारलं की मला दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पुढचं सगळं 6061-टी6 या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या 6 मिमी प्लेटा कडेला कड लावून केलेल्या बट जोडाबद्दल आहे. स्टील किंवा टायटॅनियम डोक्यात असेल तर मिलिंगचा विषयच सोडा.

आधी मिलिंगची बाजू, कारण तिच्यावर माझा जीव आहे. दोन जिने उतरलं की वर्कशॉप. पैसे नाहीत, तारीख नाही, अर्ज नाही. पिन मोडली तर कपाटातलं एच13 स्टीलचं दुसरं टूल काढायचं आणि अर्ध्या तासात पुन्हा सुरू. मुख्य म्हणजे कान तयार होतो. पिन आत जाताना नुसती कुरकुरते. मग शोल्डर टेकतो, मोटरचा आवाज एकदम जड होऊन खाली येतो आणि टूलमागे अर्धगोल रेघांचा पट्टा उमटायला लागतो. तो आवाज ओळखता येणं हे खरं शिक्षण, आणि ते दुसऱ्याच्या मशीनवर काचेपलीकडे उभं राहून मिळत नाही.

त्रासही आहेत. टूलला 2 अंश कल द्यायचा म्हणून हेड तिरकं करायचं, आणि दुसऱ्या दिवशी सेकंड इयरचं प्रॅक्टिकल म्हणून डायल लावून ते पुन्हा काटकोनात आणायचं. आमचे वर्कशॉपचे मामा प्रत्येक वेळी पाना हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचे, “काय रे, बेअरिंग घालवूनच पास होणार का तू?” त्यांचं चूक नव्हतं. मिलिंगच्या स्पिंडलला बाजूने ढकलून घ्यायची सवय असते. इथे आपण त्याला अर्ध्या टनाच्या वर उभा दाब घ्यायला लावतो. पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं.

मला घालवलं ते प्लंज डेप्थने, म्हणजे शोल्डर प्लेटमध्ये किती खोल रुतवायचा त्या मापाने.

हिशोब साधा आहे. शोल्डर 18 मिमीचा आणि कल 2 अंशांचा असेल तर शोल्डरची मागची कड पुढच्या कडेपेक्षा 0.6 मिमीच्या थोडी वरच खाली असते. या तिरकेपणामुळे खोली 0.1 मिमीने बदलली तरी शोल्डर प्लेटला जिथपर्यंत टेकतो ती रेघ जवळजवळ 3 मिमी पुढे-मागे सरकते. उष्णता मुख्यतः शोल्डरच्या घर्षणातून येते, म्हणजे तीही बदलली. आता मिलिंगवर हा 0.1 मिमी सांभाळायचा कसा? टेबल वर घ्यायचा तो हँडलने, चकतीवरच्या रेघा मोजत. प्लेट बाजारातून 6 मिमी म्हणून आलेली, मायक्रोमीटर लावला की दोन टोकांना दोन आकडे. खालच्या बॅकिंग प्लेटला आधीच्या जोडांचे खड्डे. आणि दाब आला की हेड स्वतःच केसभर वर उचललं जातं, त्यामुळे थंड मशीनवर डायलने लावलेले 0.2 चालत्या जोडात 0.2 राहतच नाहीत.

माझा एल9 चा तक्ता होता, तीन घटकांच्या तीन-तीन पातळ्या बसवलेला, नऊ प्रयोगांचा. एका जोडातून टेन्साइलच्या, म्हणजे ओढून तोडायच्या चाचणीच्या, तीन पट्ट्या काढल्या. दोन जिथे तुटायला हव्यात तिथेच, उष्णतेने मऊ पडलेल्या पट्ट्यात, तिरक्या तुटल्या. तिसरी सरळ जोडाच्या मधूनच गेली, फारसा जोर न लावता. तुटलेलं तोंड उजेडात धरलं तर तळाशी, ॲडव्हान्सिंग बाजूला (जिथे टूलची फिरण्याची आणि पुढे जाण्याची दिशा एकच असते), तिळाएवढं काळं भोक. टनेल, म्हणजे जोडाच्या आत राहिलेली पोकळी. त्याच जोडाच्या दुसऱ्या टोकाला शोल्डर इतका रुतला होता की फ्लॅशची, म्हणजे बाहेर ढकललेल्या धातूची, करवंटीसारखी कड सुटून आली होती. प्लेट एक, वेग एक, फीड (टूल पुढे सरकायचा वेग) एक, आणि 200 मिमीत तीन वेगवेगळे जोड.

मग हट्टाने एकच सेटिंग तीनदा केलं. तेव्हा दिसलं की एका सेटिंगमधला फरक नऊ सेटिंगांमधल्या फरकाएवढाच आहे. आमच्या सरांनी आलेख बघितला, चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “हे आरपीएममुळे झालं की तुझ्या हातामुळे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तीन घटक बदलत होतो आणि चौथा, सगळ्यांत जोरकस, म्हणजे खोली, आपोआप बदलत होता. कुठल्या घटकाचा किती परिणाम ते वाटून दाखवणाऱ्या ॲनोव्हाच्या कोष्टकात त्याला रकानासुद्धा नव्हता.

खास मशीनवर पहिल्या दिवशी ऑपरेटरने पहिलाच प्रश्न टाकला, “ॲक्सियल फोर्स किती ठेवू?” दीड वर्ष जोड मारूनही मला तो आकडा, म्हणजे टूलवरचा उभा दाब, माहीत नव्हता. मग एक जोड खोली धरून मारला आणि स्क्रीनवर फोर्सचा आलेख बघितला: पिन घुसताना एक शिखर, धातू मऊ पडला की उतार, शोल्डर टेकताच दुसरं शिखर, आणि मग टूल पुढे निघाल्यावर बऱ्यापैकी सपाट रेघ. वर्कशॉपमध्ये कानाने ऐकलेलं सगळं इथे काढून ठेवलेलं होतं, किलोन्यूटनमध्ये. त्या सपाट भागातला आकडा उचलला आणि पुढचे जोड फोर्स कंट्रोलवर टाकले. दाब कायम, खोली मशीन ठरवणार. 200 मिमीच्या अंतरात हेड हळूच दशांश-दीड दशांश मिमी वर-खाली होताना दिसत होतं. प्लेट जशी होती तसं ते तिच्यामागे जात होतं, आणि मी दीड वर्ष नेमकी तीच हालचाल दाबून धरायच्या मागे लागलो होतो.

फाल्कन 9 रॉकेटच्या 3.66 मीटर व्यासाच्या टाक्या याच पद्धतीने जोडतात, आणि तिथले जोड मीटरमध्ये मोजायचे असतात. तिथे हँडलच्या रेघा कोण मोजणार?

फोर्स कंट्रोल म्हणजे जादू नव्हे, हेही सांगायला हवं. छोट्या प्लेटचं शेवटचं टोक तापतं, तोच दाब तिथे जास्त होतो आणि शोल्डर रुततो. शेवटचे 40 मिमी मी सरळ कापून टाकत असे. स्लॉटसाठी थांबावं लागतं, तासाचे पैसे लागतात, आणि जेवणाची सुट्टी झाली की तुमचा प्रयोग अर्ध्यात असला तरी मशीन बंद. मिरजेहून रात्रीच्या गाडीने प्लेटच्या 18 जोड्या सॅकमध्ये घेऊन गेलो होतो, 9 किलोच्या आसपास ॲल्युमिनियम. उशाला घेतलं, झोप काही लागली नाही.

मधला पर्याय म्हणून कुणी एमआयडीसीतल्या ओळखीच्या व्हीएमसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या उभ्या मशीनिंग सेंटरचं, नाव काढतं. वेग हवा तो मिळतो, झेडची, म्हणजे वर-खाली हालचालीची, अचूकता मिलिंगपेक्षा कितीतरी चांगली. पण हेड कलत नाही, म्हणजे फिक्स्चरखाली पाचर नाहीतर बिनकलाचं, चर कोरलेल्या शोल्डरचं टूल. शिवाय तेही खोलीच धरतं, दाब नाही. आणि मालकाला काय करायचंय ते नीट समजावून सांगितलंत, तर तो स्पिंडलला हात लावू देईल असं मला वाटत नाही.

तर, कुणी कुठे जावं? एम.टेक.ला एकच वर्ष हातात असेल, टूलच्या पिनचा आकार बदलून मॅक्रोमध्ये (जोडाच्या पॉलिश केलेल्या आडव्या कापात) धातूचा प्रवाह बघायचा असेल, तर मिलिंगवर आनंदाने करा. पिन चौकोनी की निमुळती हा फरक इतका ठळक असतो की हाताची चूक त्याला बहुधा झाकत नाही. फक्त प्रत्येक प्लेटची जाडी तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवा, बॅकिंग प्लेट दर थोड्या जोडांनी सरफेस ग्राइंडरवर घ्या, आणि नमुने जोडाच्या मधल्या भागातूनच काढा. तुमची परिस्थिती वेगळी असू शकते. काही कॉलेजांनी मिलिंगच्या टेबलावर दाब मोजणारे लोड सेल बसवलेत. तेवढं असलं तरी निदान आपण कुठे चुकतोय ते दिसतं.

पण पीएच.डी. असेल, आणि ‘वेग वाढवल्याने ताकद इतकी वाढली’ असं वाक्य लिहून त्याखाली सही करायची असेल, तर माझा कल तुम्हाला कळलाच असेल. मिलिंगवर आवाज ओळखायला शिका, दोन-तीन महिने पुरेत. मग स्लॉटचा अर्ज आजच टाका, कारण तारीख यायला वेळ लागतो.

जायच्या आधी फोन करून टूलच्या शँकचा (मशीनमध्ये धरायच्या दांड्याचा) व्यास मात्र विचारा. माझी सगळी टूलं 20 मिमीची होती, तिथल्या मशीनचा टूल धरणारा कोलेट 25 चा. पैसे मोजलेल्या पहिल्या दिवसाची दुपार मी गावात स्लीव्ह काढून देणारा लेथवाला शोधत फिरलो.