सरांचा नंबर मी दिला होता

फक्त माझे पैसे गेले असते तर कदाचित हे लिहिलंच नसतं. पण गेले ते माझ्या जुन्या सरांचे, आणि त्यांचा नंबर नोकरीच्या नावाने फसवणाऱ्या लोकांना मीच दिला होता.

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी चौदा महिने क्वालिटीला होते. तिथल्या सरांनी मला अक्षरशः हाताला धरून शिकवलं. बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर पिळून आवळायचा नाही, मागचा रॅचेट फिरवायचा, तीनदा टिकटिक झाली की थांबून रीडिंग घ्यायचं, हे माझ्या बोटांना त्यांनीच लावलं.

जॉब पोर्टलवर बायोडेटा टाकून आठवडाही झाला नव्हता, तोच एका बाईंचा फोन आला. चाकणच्या मोठ्या प्लांटमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा आहे म्हणाल्या. फोनवरच दहा मिनिटं इंटरव्ह्यू झाला आणि व्हॉट्सअॅपवर फॉर्मची लिंक आली. शेवटी तीन रेफरन्स, म्हणजे माझ्या कामाबद्दल सांगू शकतील अशी माणसं, मागितले होते: नाव, हुद्दा, मोबाइल, किती वर्षांची ओळख. ते भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जाईना. मी बसमध्ये उभ्या उभ्या सरांचा, पॉलिटेक्निकच्या प्रोजेक्ट गाइड मॅडमचा आणि एका सीनिअरचा नंबर भरून टाकला. कुणालाच विचारलं नाही. सर कशाला नाही म्हणतील, एवढाच विचार केला.

मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचे 1,850 रुपये मागितले, जॉइनिंगनंतर परत मिळणारे. यूपीआयवर कंपनीचं नाव न येता कुठल्या तरी माणसाचं नाव आलं. खटकलं, तरी भरले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांचा फोन. "अगं, तुझं ते व्हेरिफिकेशन झालं का? माझ्या खात्यातून काहीतरी गेलंय बघ."

त्यांना आलेल्या फोनवर माझं पूर्ण नाव, डिप्लोम्याचे टक्के, त्यांच्याकडे काढलेले चौदा महिने, सगळं बरोबर सांगितलं होतं. "तुमच्या मुलीची फाइल अडकलीय, आज पाचच्या आत कन्फर्म केलं नाही तर तिचं नाव जाईल." मग व्हॉट्सअॅपवर एक एपीके फाइल, म्हणजे थेट फोनमध्ये टाकायचं अॅप, आली, व्हेरिफिकेशन फॉर्म म्हणून. सरांनी ती इन्स्टॉल केली, मेसेज वाचायची परवानगी दिली. आलेले ओटीपी परस्पर तिकडे गेले आणि दोन खेपांत 48,000 रुपये गेले. स्वतःच्या मुलीच्या फीसाठी ठेवले होते ते.

सर भोळे नाहीत. लॉटरी लागली, केवायसी संपली, असले फोन ते एका वाक्यात कापतात. पण या फोनवर माझं नाव होतं. माझं काम अडू नये म्हणून ते थांबले, ऐकलं, सांगितलं तसं केलं. त्या फॉर्ममध्ये माझ्याबद्दल जीव असलेल्या तीन माणसांची यादी मी आयती दिली होती. मॅडम अनोळखी नंबर उचलत नाहीत म्हणून वाचल्या. सीनिअरने आधी मला फोन करून विचारलं.

सरांनी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. त्यामुळे 11,000 पुढच्या खात्यात होल्ड झाले. बाकीचे तोवर निघून गेले होते. पोलिसांनी माझ्याकडे फॉर्मचे स्क्रीनशॉट मागितले, तर लिंक बंद पडलेली आणि मी एकही काढून ठेवलेला नव्हता. उरलं होतं फक्त यूपीआयचं ते नाव.

आता जिथे आहे तिथे हे काम कसं झालं तेही सांगते, म्हणजे फरक कळेल. दुसऱ्या इंटरव्ह्यूनंतर, प्लांटमध्ये प्रत्यक्ष बसून बोलणं झाल्यावर एचआरने रेफरन्स मागितले, तेही कंपनीच्या स्वतःच्या मेलवरून. आधीची नोकरी त्यांनी अनुभवपत्र आणि पीएफच्या यूएएन नंबरवरून तपासली. पैसे कुणीच मागितले नाहीत. रेफरन्स देणाऱ्या माणसाने तर काही इन्स्टॉल करायचं कारणच नसतं. त्याला फक्त मुलगी कामाला कशी होती एवढं सांगायचं असतं.

म्हणून कळकळीने सांगते, विशेषतः पहिली-दुसरी नोकरी शोधणाऱ्यांना. बायोडेट्यावर कुणाचा मोबाइल छापू नका; 'रेफरन्स मागितल्यास देईन' एवढं पुरतं. फॉर्म हटूनच बसला तर तो फॉर्म सोडा. नंबर द्यायच्या आधी त्या माणसाला फोन करा आणि कंपनी कोणती, जागा कोणती, साधारण कधी विचारतील ते सांगा. सध्याच्या साहेबांचा नंबर तर ऑफर हातात येईपर्यंत देऊच नका.

या नोकरीच्या वेळी सरांचं नाव द्यायला माझी जीभ रेटत नव्हती. त्यांनीच विचारलं, "मग कुणाचं देणार आहेस?" आदल्या दिवशी मी त्यांना कंपनीचा लँडलाइन नंबर लिहून घ्यायला लावला. "सर, उद्या अकरानंतर इथूनच फोन येईल. दुसऱ्या कुठल्या नंबरवरून आला तर ठेवून द्या आणि मला सांगा." त्यांनी आकडा न आकडा परत वाचून दाखवला, रीडिंग घेतल्यासारखा.

दर महिन्याला मी त्यांना 2,000 पाठवते. पहिल्यांदा त्यांनी परत पाठवले होते, मी पुन्हा पाठवले.